संसर्गजन्य रोगांवर नैसर्गिक पदार्थ: कोणता, कशावर आणि किती?

चैत्रपालवी

या विषयावर बोलणं निघालं की दोनच सूर ऐकू येतात. "सगळी औषधं झाडपाल्यातूनच आली, मग झाडपालाच का नको?" हा एक. "झाडपाल्याने जंतू मरत असते तर अँटिबायोटिक शोधावी लागली असती का?" हा दुसरा. दोन्हीकडची माणसं तळमळीने बोलतात, पण ऐकून माझ्या हाती काहीच लागत नाही.

मला नेमकं हवं आहे. जिवाणू, विषाणू, बुरशी, परजीवी, यांपैकी कशाच्याही संसर्गावर माणसांत तपासून उपयोगी ठरलेला नैसर्गिक पदार्थ कोणता? तो कोणत्या रूपात द्यावा लागतो? कच्चा, काढा करून, की अर्क काढून? आणि कुठे तो अपुरा पडला? प्रतिकारशक्ती वाढवण्याची चर्चा इथे नको, तो वेगळा विषय आहे. अनुभव जरूर लिहा, पण निदान कसं झालं होतं तेही लिहा. ताप आला आणि गेला, एवढ्यावरून तो कशाचा होता ते कळत नाही.

दुपारची_सावली

वाचतेय. वाचनखूण साठवली.

रसायनी

मलेरियापासून सुरुवात करतो, कारण तिथे झाडांनी माणसाला दोनदा तारलं आहे.

सिंकोनाच्या सालीतून पेल्तिए आणि काव्हाँतू या फ्रेंच औषधशास्त्रज्ञांनी १८२० साली क्विनाइन वेगळं केलं. त्याआधी सालीची पूडच देत. गुण यायचा, पण एका सालीत क्विनाइन भरपूर तर दुसरीत नावापुरतं. त्यामुळे एक रोगी उठून बसायचा आणि दुसरा तापातच जायचा. क्विनाइन सुटं मिळाल्यावर मात्रा ठरवता आली.

दुसरं आर्टेमिसिनिन. मलेरियावर औषध शोधण्यासाठी चीनमध्ये २३ मे १९६७ ला एक गुप्त प्रकल्प सुरू झाला. तारखेवरूनच त्याला ५२३ म्हणतात. तू यूयू यांच्या गटाने जुन्या ग्रंथांतले दोन हजारांवर औषधी पाठ गोळा केले. छिंगहाव या वनस्पतीचा (आर्टेमिसिनिन तिच्यातलंच) अर्क कधी चांगला चाले, कधी अजिबात नाही. मग चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात त्यांना एक ओळ सापडली: मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवा, पिळून रस काढा आणि सगळा प्या. त्यात उकळायला सांगितलेलंच नाही. उष्णतेने औषधच जात असावं, हे तू यूयूंच्या लक्षात आलं. त्यांनी ईथर वापरून कमी तापमानाला अर्क काढला आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये तो उंदरांच्या मलेरियावर शंभर टक्के चालला. रुग्णांना देण्याआधी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला. २०१५ च्या वैद्यकातल्या नोबेलचा अर्धा वाटा त्यांना मिळाला तो याच कामासाठी.

आता माणसांतला पुरावा. आर्टेमिसिनिनपासून केलेलं आर्टेसुनेट गंभीर मलेरियात शिरेतून देतात. क्विनाइनशी तुलना करणारी आशियातली मोठी चाचणी २००५ साली प्रसिद्ध झाली. क्विनाइन दिलेल्यांपैकी २२ टक्के दगावले, आर्टेसुनेट दिलेल्यांपैकी १५ टक्के. पुढे आफ्रिकेतल्या मुलांवर याहून मोठी चाचणी झाली, २०१० साली तिचे निष्कर्ष आले, तिथेही आर्टेसुनेटच सरस ठरलं. झाडातून आलेल्या रेणूने इतके जीव वाचवल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

वनौषधी

रसायनी, माहिती उत्तम. पण गे होंग यांच्या ओळीवरून तुम्ही फार भरभर पुढे गेलात. त्या ग्रंथाने वनस्पतीच्या नावाबरोबर कृतीही जपून ठेवली होती, आणि कृतीनेच काम केलं. आयुर्वेदात पंचविध कषायकल्पना, म्हणजे औषध तयार करण्याच्या पाच पद्धती आहेत: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम, फांट. हिम म्हणजे औषध रात्रभर थंड पाण्यात भिजवून सकाळी कुस्करून गाळायचं, अग्निसंस्कार करायचाच नाही. कोणतं द्रव्य उकळायचं आणि कोणतं नाही याचा विचार जुन्यांनी केलेला आहे. आज सरसकट सगळ्याचा काढा करतात तो अज्ञानाचा भाग.

दुसरा मुद्दा. एक रेणू सुटा काढला म्हणजे वनस्पती समजली असं नाही. दारुहळदीच्या कुळातल्या झाडांत बर्बेरिन असतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू आत आलेलं बर्बेरिन पंपाने बाहेर फेकतो, म्हणून एकटं बर्बेरिन त्याच्यावर फिकं पडतं. २००० साली असं दिसलं की याच झाडांत मेथॉक्सीहिडनोकार्पिन नावाचा आणखी एक घटक असतो. तो स्वतः जिवाणूला मारत नाही, पण पंप बंद पाडतो. दोन्ही एकत्र आले की बर्बेरिनचा जोर कितीतरी वाढतो. सुटा रेणू काढणाऱ्याच्या हातून हा दुसरा घटक चोथ्यात जातो.

मी वैद्य आहे, माझी बाजू आधीच सांगून टाकतो.

सूक्ष्मदर्शी

वनौषधी, पंपाचा शोध खरा आहे आणि सुंदर आहे. मी जिवाणूंवरच काम करते, मला तो फार आवडतो. पण तो परीक्षानळीतला आहे. माणसाने ते झाड खाल्लं तर दोन्ही घटक, योग्य प्रमाणात, एकाच वेळी फुफ्फुसात किंवा हाडात पोहोचतील का, हा प्रश्न उरतोच. बर्बेरिन आतड्यातून रक्तात फार थोडं जातं. आतड्यातल्याच आजारात ते पथ्यावर पडतं. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ई. कोलाय या जिवाणूमुळे होणाऱ्या जुलाबांवर बर्बेरिनची एकच मात्रा दिली, आणि शौचाचं प्रमाण स्पष्टपणे घटलं. कॉलऱ्यात मात्र परिणाम तुटपुंजा होता. जिथे जंतू आहे तिथेच औषध पोहोचत होतं, म्हणून काहीतरी दिसलं.

माझ्या प्रयोगशाळेत रोजचा प्रश्न असतो: जिवाणूची वाढ थांबवायला कमीत कमी किती पदार्थ लागतो? चांगल्या अँटिबायोटिकला एका मिलिलिटरमध्ये एक-दोन मायक्रोग्रॅम पुरतात, कधी त्याहून कमी. वनस्पतींच्या अर्कांना बहुतेक वेळा शेकडो लागतात. तेवढं रक्तात आणायचं तर माणसाने किती घ्यावं, आणि तेवढ्यात यकृत-मूत्रपिंड टिकेल का? "अमुक अर्काने जंतू मारले" अशा बातमीत हा आकडा जवळजवळ कधीच नसतो. पेट्री डिशमध्ये साबण आणि मिठाचं घट्ट पाणीसुद्धा जंतू मारतं.

प्रश्नचिन्ह

+१ सूक्ष्मदर्शी. २०२० चं आयव्हरमेक्टिन आठवा. पेशींवरच्या प्रयोगात कोविडचा विषाणू ४८ तासांत हजारो पटींनी घटला, आणि जगभर लोक गोळ्या घ्यायला लागले. त्या प्रयोगातली तीव्रता नेहमीच्या मात्रेत रक्तात मिळते त्याच्या कित्येक पट होती. २०२२ पर्यंत मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले, फायदा दिसला नाही. निसर्गाच्या नावाने चालणाऱ्या गोष्टींना आयव्हरमेक्टिनसारख्या खऱ्या औषधांइतकी तरी कठोर परीक्षा द्यायला लावा.

रसायनी

प्रश्नचिन्ह, आयव्हरमेक्टिन निसर्गाचंच आहे की! सातोशी ओमुरा यांनी जपानमधल्या एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीतून जो जिवाणू वेगळा केला, त्याने तयार केलेल्या अव्हरमेक्टिनमध्ये थोडासा बदल करून ते बनलं. तू यूयूंच्या बरोबर २०१५ चं नोबेल ओमुरा आणि कॅम्बेल यांनाच मिळालं. रिव्हर ब्लाइंडनेस या कृमीमुळे येणाऱ्या अंधत्वावर १९८७ पासून ते फुकट वाटलं जातं आहे. कृमींवर इतकं चांगलं चालणारं औषध विषाणूवर चाललं नाही. तुमचा मुद्दा उलट पक्का होतो: "कशावर" हे आधी विचारायचं.

प्रश्नचिन्ह

मान्य. मग "नैसर्गिक" हा शब्द चर्चेतून काढला तरी आपलं काही अडत नाही.

शुश्रूषा

मी परिचारिका आहे, जखमांच्या विभागात. धाग्यात अजून मध कसा आला नाही?

मध जखमेवर काम करतो आणि का करतो तेही माहीत आहे. त्यात पाणी अठरा टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक साखर. त्यामुळे तो जंतूंमधलं पाणी ओढून घेतो. तो आम्लधर्मी असतो, पीएच साधारण ३.२ ते ४.५. शिवाय मधमाशीने त्यात सोडलेलं ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) जखमेतल्या ओलाव्याने जागं होतं आणि थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करत राहतं. मानुका मधात याखेरीज मिथाइलग्लायऑक्सल हा जंतू मारणारा पदार्थ असतो. कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात वरवरच्या भाजलेल्या जखमा मधाच्या पट्टीने नेहमीच्या काही पट्ट्यांपेक्षा चार-पाच दिवस लवकर भरल्याचं दिसलं. सगळ्या जखमांना हे लागू नाही. मधुमेहाच्या पायाच्या जखमेत पुरावा तोकडा आहे.

मी स्वतः किती पट्ट्या केल्या असतील त्याची गणतीच नाही. जखमेची दुर्गंधी सर्वांत आधी जाते, आणि तेवढ्याने रुग्ण नातेवाइकांना जवळ बसू देतो. याची नोंद कुठल्याही तक्त्यात होत नाही, पण ते मोठं आहे.

मोरपीस

शुश्रूषाताई, घरातल्या बाटलीतला मध चालेल का मग?

शुश्रूषा

नाही, मोरपीस. मधात क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. तापवून निर्जंतुक करायला गेलात तर पेरॉक्साइड बनवणारं विकरच जातं, गे होंग यांच्या छिंगहावसारखंच. उघड्या जखमेत खाण्याचा मध घालू नका.

आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवायचासुद्धा नाही, बोटभरही नाही. तेच बीजाणू बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. हे सांगायची एकही संधी मी सोडत नाही.

दुपारची_सावली

हे शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरांत हवं.

पानगळ

अवांतर, पण विषयाला धरून. इंग्लंडमध्ये हजार वर्षांपूर्वीच्या एका वैद्यकीय हस्तलिखितात डोळ्यावरच्या रांजणवाडीचा लेप आहे. लसूण, कांद्याच्या जातीचं आणखी एक कंद, दारू आणि बैलाचं पित्त, सगळं एकत्र करून पितळी भांड्यात नऊ रात्री ठेवायचं. २०१५ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठात जुन्या भाषेच्या अभ्यासक आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ यांनी मिळून तो बरहुकूम केला. उंदरांच्या जखमांमधले औषधांना न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस जिवाणू नव्वद टक्क्यांच्या आसपास मेले. एकेक घटक सुटा घेतला तर तेवढा परिणाम नाही, एखादा गाळला तरी नाही. वनौषधींच्या बाजूने हे मोठं साक्षीपत्र आहे.

मोरपीस

नऊ रात्री थांबायचं? तोवर रांजणवाडी आपली आपण बरी होईल :)

सूक्ष्मदर्शी

मोरपीस, तुम्ही हसत हसत या धाग्यातला सर्वांत अवघड प्रश्न मांडलात. सर्दी, बहुतेक घसादुखी, बरेचसे जुलाब, रांजणवाडी, नागीण, हे आजार बहुतेकांच्या बाबतीत आपोआप ओसरतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्रास शिगेला असतो, तेव्हाच माणूस काहीतरी घेतो, आणि पाचव्या दिवशी उतार पडतो. श्रेय घेतलेल्या वस्तूला जातं. हे झाडपाल्यापुरतं नाही. विषाणूच्या सर्दीवर घेतलेल्या अँटिबायोटिकलाही लोक असंच श्रेय देतात, आणि तो जास्त घातक प्रकार आहे, कारण त्याने औषधांना न जुमानणारे जंतू वाढतात.

म्हणूनच तुलनेचा गट लागतो. घेतलेल्यांचं काय झालं एवढं पुरत नाही, न घेतलेल्यांचंही पाहावं लागतं.

लसणाबद्दल: अख्ख्या पाकळीत ॲलिसिन हा जंतू मारणारा पदार्थ नसतोच. पाकळी ठेचली की तिच्यातलं ॲलिइन आणि ॲलिनेज हे विकर एकमेकांत मिसळतात आणि ॲलिसिन बनतं. ते जिवाणूंना जोरात मारतं, पण टिकत नाही, रक्तात पोहोचेपर्यंत शिल्लक राहत नाही. जखमेवरच्या लेपात काम दिसलं आणि पोटातून घेऊन न्यूमोनिया बरा होत नाही, यात विसंगती काहीच नाही.

उंबरठा

बऱ्याच दिवसांपासून वाचतो, लिहितो कमी. आज लिहितो.

माझ्या मावसभावाला फुफ्फुसाचा क्षय झाला. थुंकीत जंतू सापडले होते, निदानात शंका नव्हती. गोळ्या सुरू झाल्या आणि दोनेक महिन्यांत खोकला थांबला, वजन भरलं, चेहऱ्यावर तजेला आला. गोळ्यांनी त्याला मळमळ व्हायची. त्याच सुमाराला कोणीतरी "रासायनिक गोळ्यांनी यकृत जाईल" असं सांगून एक चूर्ण दिलं, पूर्ण नैसर्गिक म्हणून. त्याने गोळ्या बंद करून चूर्ण घेतलं. पुढचे काही महिने तो उत्तम होता, आणि चूर्णाचे गोडवे गात होता. मग खोकल्यातून रक्त आलं. या वेळच्या तपासणीत जंतू रिफॅम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला दाद देत नव्हता. दुसऱ्या फळीची औषधं त्याने सोसली, त्यात त्याचं ऐकू येणं कमी झालं.

चूर्णाने त्याला विषबाधा केली नाही. चूर्णाने काहीच केलं नाही. मधल्या महिन्यांत जो बरेपणा दिसत होता तो आधी घेतलेल्या गोळ्यांचा होता.

सूक्ष्मदर्शी

उंबरठा, लिहिलंत म्हणून आभार. हे का घडतं ते लिहिते, कुणाच्या तरी घरात आत्ता असाच निर्णय चालू असेल.

क्षयाचे भराभर वाढणारे जंतू पहिल्या दोन महिन्यांत मरतात, म्हणून माणूस बरा दिसतो. संथ, जवळजवळ निद्रिस्त जंतू मागे उरतात. त्यांच्यासाठीच नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा आहे: चार औषधं दोन महिने, पुढे आयसोनायझिड आणि रिफॅम्पिसिन. मधेच थांबलं की उरलेले पुन्हा वाढतात, आणि औषधं अर्धवट किंवा तुटक घेतली गेली असतील तर त्यातले दाद न देणारे पुढे येतात. यकृताला त्रास होतो हे खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे रक्त तपासून डॉक्टरांनी औषधं बदलणं, स्वतः बंद करणं नव्हे.

रिफॅम्पिसिनसुद्धा मातीतल्या जिवाणूने बनवलेल्या पदार्थापासूनच आलं आहे. त्या चूर्णाइतकंच ते निसर्गातलं होतं.

वनौषधी

उंबरठा, वाचून फार वाईट वाटलं. माझ्याकडे दोन आठवड्यांहून जास्त खोकल्याचा रोगी आला की मी आधी थुंकी तपासायला पाठवतो. क्षय निघाला तर गोळ्या चालूच ठेवायच्या, ही माझी पहिली अट असते. भूक, मलावरोध, अशक्तपणा यांसाठी जे द्यायचं ते मी देतो, तेही त्यांच्या डॉक्टरांना कळवून. गोळ्या थांबवायला सांगणारा माणूस कोणत्याही शास्त्राचा नाही, माझ्या तर नाहीच.

कळवून देण्याचं कारणही लिहितो, आमच्यातलेही काही जण ते मनावर घेत नाहीत. लसणाच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या रक्तात साक्विनाविर या एचआयव्हीच्या औषधाचं प्रमाण निम्म्याने घटल्याचं अभ्यासात दिसलं आहे. सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीने इंडिनाविरचं तसंच झालं. उलट मिरीतलं पिपेरिन काही औषधांचं शोषण वाढवतं. हळदीतलं कर्क्युमिन एरवी रक्तात जवळजवळ पोहोचत नाही, पिपेरिनबरोबर दिल्यावर माणसांत ते वीस पटींनी वाढलं होतं. जी वनस्पती हे करू शकते तिला "नुसतं झाड, अपाय काय होणार" असं म्हणणं हा तिच्या गुणाचाच अपमान आहे.

पानगळ

+१००. शेवटचं वाक्य तर फारच.

हिरवळ_२२

अपायाचं निघालंच आहे तर: कडुनिंबाचं तेल लहान मुलांना पाजू नका. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तेल पाजलेल्या मुलांमध्ये उलट्या, झटके, बेशुद्धी, यकृताची इजा अशा नोंदी झाल्या आहेत, काही मुलं दगावली. टी ट्री तेलही त्वचेसाठी, पोटात नाही. गुळवेल घेणाऱ्यांमध्ये यकृताला सूज आल्याचे अहवाल २०२१ मध्ये आले. चुकीची, तिच्यासारखी दिसणारी जात वापरली गेली असावी असा प्रतिवादही झाला. दोन्हीतलं काहीही खरं असलं तरी घेणाऱ्याला आपण नक्की काय घेतोय ते कळत नव्हतं.

रसायनी

आता अपुरं पडलेलं एक उदाहरण, कारण चैत्रपालवीताईंनी तेही मागितलं होतं. कुष्ठरोगावर चालमोगऱ्याच्या बियांचं तेल शतकानुशतकं वापरलं गेलं. प्यायलं तर पोट ढवळून उलटी, टोचलं तर त्वचेखाली गाठी. १९१५च्या सुमारास हवाईमध्ये ॲलिस बॉल या तेवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ मुलीने तेलातल्या आम्लांची एथिल एस्टर बनवली, ती टोचल्यावर शरीरात शोषली जात. पुढच्याच वर्षी ती वारली, आणि तिच्या कामाचं श्रेय कितीतरी वर्षं दुसऱ्याच्या नावावर राहिलं. काही रुग्ण त्या टोचण्यांनी सुधारून घरी गेले, पण रोग अनेकांत उलटला. १९४०च्या दशकात सल्फोन औषधं आली आणि चालमोगरा मागे पडला. आज कुष्ठरोग बरा होतो तो डॅप्सोन, रिफॅम्पिसिन आणि क्लोफॅझिमिन या एकत्र उपचाराने.

तेलावर श्रद्धा ठेवणारे मूर्ख नव्हते. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. आज आपल्याकडे आहे.

मोरपीस

ॲलिस बॉलबद्दल स्वतंत्र धागा काढा ना कोणीतरी.

पानगळ

रसायनी, एक विचारू? आर्टेमिसिनिनच्या झाडाचा नुसता चहा मलेरियावर का चालत नाही मग? गे होंग यांनी तर रसच दिला होता.

रसायनी

चालतो असं वाटतं, तिथेच धोका आहे, पानगळ. पानांतलं आर्टेमिसिनिन जातीप्रमाणे, हंगामाप्रमाणे, वाळवण्याप्रमाणे बदलतं, आणि ते पाण्यात नीट विरघळतही नाही. रक्तात आलेलं काही तासांत निघून जातं. अपुऱ्या मात्रेने ताप उतरतो, काही परजीवी उरतात आणि आजार उलटतो. शिवाय त्यात दाद न देणारे परजीवी तगून राहतात. म्हणूनच सुटं आर्टेमिसिनिनसुद्धा एकटं द्यायचं नाही, दुसऱ्या औषधाच्या जोडीनेच द्यायचं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००६ पासून लावून धरलं आहे. चहा किंवा पानांच्या पुडीला तिचा पाठिंबा नाही. आग्नेय आशियात आणि आता पूर्व आफ्रिकेतही आर्टेमिसिनिनला अर्धवट दाद देणारे परजीवी सापडले आहेत. हे औषध गेलं तर गंभीर मलेरियात आपण पुन्हा क्विनाइनवर येऊ.

मात्रेचं महत्त्व पेनिसिलिननेही पहिल्याच वर्षी दाखवलं. १९४१ मध्ये ऑक्सफर्डमध्ये ॲल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला ते दिलं, तो झपाट्याने सुधारला. साठा इतका थोडा की त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून त्यालाच टोचत होते. साठा संपला, संसर्ग उलटला, आणि तो गेला. औषध बरोबर होतं, पुरलं नाही.

वनौषधी

हे पटलं. पण मिश्रण म्हणून मिश्रण बाद, असा अर्थ कोणी काढू नये. हिरव्या चहाच्या पानांतल्या कॅटेचिनांचं मिश्रण असलेलं मलम गुप्तांगावरच्या मस्सांसाठी, म्हणजे एचपीव्ही विषाणूच्या संसर्गासाठी, अमेरिकेच्या औषध नियामकाने २००६ साली मंजूर केलं. त्यांनी मंजूर केलेलं ते पहिलं वानस्पतिक औषध. एक रेणू सुटा केलेला नाही. फक्त प्रत्येक खेपेत काय किती आहे ते ठरवलं आणि चाचण्या केल्या. माझ्या क्षेत्रातल्या लोकांनी हा रस्ता धरावा असं मला फार मनापासून वाटतं. आपल्या ग्रंथांत द्रव्य कोणत्या ऋतूत तोडावं, कोणतं अंग घ्यावं हे लिहिलेलं आहे, म्हणजे द्रव्याचं प्रमाण बदलतं याची जाण होतीच. ते मोजायची साधनं आज हाताशी आहेत आणि आपण मोजत नाही.

प्रश्नचिन्ह

वनौषधीजी, या प्रतिसादाला माझी बिनशर्त दाद.

हिरवळ_२२

क्रॅनबेरी राहिली. कॉक्रेनच्या २०२३ च्या आढाव्यात पन्नास अभ्यास होते. वारंवार मूत्रमार्गाचा संसर्ग होणाऱ्या स्त्रियांमध्ये पुन्हा होण्याचा धोका साधारण पाव हिश्शाने कमी झाला, मुलांमध्ये निम्म्याहून जास्त. तिच्यातले घटक ई. कोलायला मूत्राशयाच्या भिंतीला चिकटू देत नाहीत असं मानतात. पण हे सगळं टाळण्यासाठी. झालेला संसर्ग तिने बरा होत नाही. जळजळ सुरू झाल्यावर रस पीत बसलं आणि थंडी वाजून ताप, कंबरेत दुखणं सुरू झालं, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो.

चैत्रपालवी

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा इतका भरेल असं वाटलं नव्हतं.

एक गोष्ट खटकते आहे. तुम्ही दिलेल्या यादीत पोटातून किंवा टोचून देण्याची, झाडांपासून आलेली औषधं बहुतेक परजीवींवरची आहेत. जिवाणूंवरची आज चालणारी बहुतेक बुरशी आणि मातीतल्या जिवाणूंकडून आली. असं का?

सूक्ष्मदर्शी

चैत्रपालवीताई, फार नेमकं पकडलंत. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, टेट्रासायक्लिन, एरिथ्रोमायसिन, स्ट्रेप्टोमायसिन, व्हँकोमायसिन, सगळी सूक्ष्मजीवांकडून. सल्फा आणि क्विनोलोन माणसाने बनवलेली. झाडाचं इथे एकही नाव नाही.

मला पटणारं कारण असं: मातीत सूक्ष्मजीव एकमेकांना खेटून, त्याच अन्नासाठी झगडत राहतात. शेजाऱ्याला थोडक्या पदार्थात मारणाऱ्याचा फायदा होतो, म्हणून तिथे जालीम रेणू घडले. झाडाची लढाई वेगळी आहे. त्याला साल आहे, मेण आहे, संसर्ग झालेलं पान गाळून टाकता येतं. ते एकाच घातक शस्त्रावर विसंबत नाही, बरेच सौम्य पदार्थ एकदम वापरतं: एक चिकटू देत नाही, दुसरा पंप बंद करतो, तिसरा जंतूंच्या आपसातल्या रासायनिक खुणा बिघडवतो. गोड चेस्टनटच्या पानांचा अर्क स्टॅफिलोकॉकसला न मारता त्याचं विष बनवणं बंद करतो, असं २०१५ मध्ये दिसलं. माणसांसाठी औषध होण्यापासून ते अजून लांब आहे. पण अँटिबायोटिक निकामी होत चालली असताना मला आशा वाटते ती इथेच. आपण झाडांना "तू जंतू मारतोस का" एवढंच विचारत आलो, आणि उत्तर "फारसं नाही" असं आलं की सोडून दिलं.

रसायनी

हे मी कार्यालयात छापून लावणार आहे.

मोरपीस

शेवटी एक साधं विचारते. घरात मोठ्या माणसाला सर्दी-खोकला आहे, ताप फारसा नाही. मध द्यावा की नाही?

शुश्रूषा

द्या. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०१८ मध्ये साध्या खोकल्यासाठी अँटिबायोटिकच्या आधी मधच सुचवला आहे. विषाणू मरत नाही, खोकल्याची ढास कमी होते आणि झोप लागते. मधुमेह असेल तर साखरेचा हिशोब ठेवा. दम लागला, छातीत दुखलं, रक्त पडलं, ताप उतरून परत चढला, किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर थांबायचं नाही. आणि खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला तर वनौषधी म्हणाले तसं थुंकी तपासायची.

उंबरठा

माझ्या भावाचं पहिलं निदानसुद्धा उशिराच झालं होतं, खोकला साधाच समजून. चैत्रपालवीताई, दोन आठवड्यांची ही मर्यादा आणि बाळाला मध न देण्याचं शुश्रूषाताईंचं वाक्य, दोन्ही मूळ धाग्यात वरच टाकाल का? सगळे प्रतिसाद खालपर्यंत कोणी वाचत नाही.

चैत्रपालवी

दोन्ही टाकली.